‘पाणी कमी’ म्हटलं की नुसत्या नारळपाण्यावर थांबू नका

सोनोग्राफीत ‘पाणी कमी आहे’ असं निघालं की घरोघरी सल्ला ठरलेला: नारळपाणी प्या, डाव्या कुशीवर झोपा. आईच्याच शरीरात पाणी कमी पडलं असेल तर त्याचा थोडाफार उपयोग होतो. पण बाळाच्या किडन्याच काम करत नसतील तर कितीही नारळ फोडा, गर्भजल वाढणार नाही.

कारण चौथ्या महिन्यानंतर गर्भजल म्हणजे मुख्यतः बाळाचीच लघवी. बाळ ते गिळतं आणि पुन्हा सोडतं. ऐकून नाक मुरडू नका, याच पाण्याच्या आधाराने त्याची फुप्फुसं वाढतात. दोन्ही किडन्या तयारच झाल्या नाहीत, किंवा मुलग्याच्या मूत्रमार्गात पडदा येऊन लघवी तुंबली, तर पाणी आटतं. गर्भाशयात बाळ दाबलं जातं, हातपाय वाकतात, फुप्फुसं खुंटतात. डॉ. एडिथ पॉटर यांनी १९४६ मध्ये अशा बाळांचं वर्णन केलं. दोन्ही किडन्या नसलेलं बाळ जन्मतं तेव्हा जीव बहुधा श्वासच न मिळाल्याने जातो. एकच किडनी नसेल तर मात्र घाबरू नका, दुसरी सहसा काम भागवते.

म्हणून हात जोडून विनंती: १८ ते २० आठवड्यांतली सोनोग्राफी चुकवू नका. दोन्ही किडन्या दिसल्या का, मूत्राशय भरलेलं दिसलं का, पाणी किती, हे डॉक्टरांना तोंडाने विचारा. ऊसतोडीला निघालेल्या बायांनो, तपासणीची फाईल सोबत घ्या. मुकादमांनो, सोनोग्राफीच्या दिवसाचा खाडा कापू नका. काही गंभीर निघालं तर गर्भपाताचा निर्णय २४ आठवड्यांच्या आत घेणं सोपं पडतं. त्यानंतर प्रकरण वैद्यकीय मंडळापुढे जातं. मूत्रमार्गातला पडदा वेळेत कळला तर बाळंतपण बालशल्यचिकित्सक असलेल्या रुग्णालयात ठरवता येतं.

मेडिकलवाल्याला विचारून दुखण्याची गोळी घेऊ नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक विसाव्या आठवड्यानंतर बाळाची लघवी कमी करू शकतात. याच कारणाने, बीपीसाठी एनालाप्रिल, रॅमिप्रिल, लोसार्टन किंवा टेल्मिसार्टन चालू असेल तर दिवस राहिल्याचं कळताच डॉक्टरांना सांगा. गोळी मनाने बंद करू नका, ते बदलून देतील.

सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदरपणाची तपासणी मोफत असते. पण रिपोर्टवर ‘पाणी कमी’ लिहिलं असेल किंवा अंगावरून पाणी जात असेल, तर ९ तारखेची वाट पाहू नका. आजच जा.