जीर्णोद्धार करा, रंगरंगोटी नको



मला जुन्या मनगटी घड्याळांची आवड आहे हे तुमच्यापैकी बऱ्याच जणींना माहीत आहे. त्यामुळे "वडिलांचं एचएमटी कपाटात सापडलंय, डायल कुठे रंगवून मिळेल?" असा निरोप अधूनमधून येतोच. माझं उत्तर ठरलेलं आहे. घड्याळ दुरुस्त जरूर करा, डायल मात्र रंगवू नका. आणि रंगवलेली डायल मूळची म्हणून विकायचं तर मनातही आणू नका. हे मी एवढं ठासून का सांगते, ते आज सविस्तर लिहिते.

एचएमटीचा घड्याळांचा कारखाना १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बेंगळुरूला उभा राहिला. चावीच्या घड्याळांची पहिली खेप पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर आली. पुढे जनता, पायलट, सोना, कांचन ही नावं घरोघरी पोचली. जावयाला लग्नात द्यायचं ते एचएमटी, मुलगा नोकरीला लागला की घ्यायचं तेही एचएमटी. २०१६ मध्ये सरकारने ही घड्याळ कंपनी बंद करायचं ठरवलं आणि ज्यांना आजवर या घड्याळांची आठवणही नव्हती ते लोक ती शोधायला लागले.

मागणी वाढली, पण जुनं घड्याळ नव्याने तयार होत नाही. मग काय होतं? ओल लागून डाग पडलेल्या डायलवरचा जुना रंग काढतात, नवा रंग देतात, वर अक्षरं छापतात. केस घासून चकाचक करतात. तीन बंद घड्याळं मोडून त्यांचं एक चालू घड्याळ जुळवतात. इथवर मी कोणाला दोष देणार नाही, पोटाचा धंदा आहे. पण पुढे त्याच घड्याळावर "न विकला गेलेला जुना माल, अगदी कोरा" अशी चिठ्ठी लागते, तिथे माझी हरकत सुरू होते.

माझ्या भाच्याने असंच एक एचएमटी मोबाईलवरची जाहिरात बघून अठ्ठावीसशे रुपयांना घेतलं. पोपटी डायल, झगझगीत केस. आमच्या घड्याळवाल्या काकांनी डोळ्याला भिंग लावलं आणि अर्ध्या मिनिटात सांगितलं, "ताई, मशीन चांगलं आहे, डायल रंगवलेली आहे." सहाच्या आकड्याखालची बारीक अक्षरं फिसकटलेली होती, आणि मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी जुळत नव्हत्या.

भाचा हिरमुसला. दोन दिवसांनी म्हणाला, "आत्या, मी आहे तसंच विकून टाकतो. मला ज्याने विकलं त्याने तरी कुठे सांगितलं होतं?"

मी म्हटलं, "वीक की. फक्त जाहिरातीत लिही, डायल रंगवलेली आहे."

"मग निम्मेसुद्धा येणार नाहीत."

आणि खरंच नाही आले. नऊशे रुपये आले. एकोणीसशेचा फटका बसला, आणि वहिनी माझ्यावर थोडी नाराजही झाली. "मुलाच्या पहिल्या पगाराचे पैसे होते हो," म्हणाली. तिचं वाईट वाटणं मला कळतं. तरीही मी तेच सांगितलं असतं.

आपल्याकडे अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यातला एक आहे प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे हलका किंवा बनावट माल अस्सल म्हणून खपवणं. मला यात नेहमी एक गोष्ट विशेष वाटते. हा दोष सत्याच्या व्रताखाली धरलेला नाही, चोरीच्या खाली धरला आहे. आपण म्हणतो, "खोटं कुठे बोललो? त्याने विचारलंच नाही." पण न बोलताही समोरच्याचे पैसे जातातच ना! भाच्याच्या खिशातून ते एकदा गेले होते. त्याने गप्प राहून दुसऱ्याच्या खिशातून काढले असते, तर नुकसान भरून निघालं नसतं, फक्त पुढे सरकलं असतं.

त्याच यादीत स्तेनप्रयोगही आहे, म्हणजे दुसऱ्याला चोरीला प्रवृत्त करणं. इथे आपण गिऱ्हाइकांनीही जरा थांबावं. साठीतल्या घड्याळाने पंचविशीतलं दिसावं हा हट्ट आपला असतो. मूळ फिकट डायलचं घड्याळ आणि पोपटी डायलचं घड्याळ शेजारी ठेवलं की आपण पोपटी उचलतो, आणि मग फसवलं म्हणून ओरडतो. आपण जुनेपणाला किंमत दिली, तर विकणाराही डाग झाकणार नाही.

मग दुरुस्ती करायचीच नाही का? करायची, मनापासून करायची. आपल्याकडे मंदिराचा जीर्णोद्धार होतो तेव्हा गळती थांबवतात, ढासळलेली भिंत सावरतात. पण कोरीव दगडी खांबांना ऑइलपेंट फासलेला पाहिला की जीव हळहळतो. घड्याळाचंही तसंच आहे. झिजणाऱ्या वस्तू बदलायच्याच असतात. मुख्य स्प्रिंग, प्लॅस्टिकची काच, चावीची खुंटी, मागच्या झाकणाचं रबर, हे बदललं म्हणून घड्याळ खोटं ठरत नाही. सगळं मशीन सुटं करून धुणं, वाळवणं आणि जिथे हवं तिथेच थेंबभर तेल देणं ही खरी सेवा. सतरा ज्वेलचं एचएमटी एवढ्यावर पुन्हा सेकंदाला पाच ठोके टाकू लागतं. काचेवरचे ओरखडे पॉलिशने जातात. डायल आणि काटे मात्र त्याचा चेहरा आहे. त्याला हात लावायचा नाही.

दोन गोष्टी आपल्या घरांसाठी मुद्दाम सांगते. पहिली तेलाची. पूर्वी घड्याळाचं उत्तम तेल डॉल्फिनसारख्या सागरी प्राण्यांच्या जबड्यातून काढत. अमेरिकेतलं न्यू बेडफर्ड हे गाव त्यासाठी प्रसिद्ध होतं. आज कृत्रिम तेलं मिळतात, तीच वापरा असं कारागिराला सांगावं. पट्टाही चामड्याचाच हवा असं काही नाही. नायलॉनचा किंवा धातूचा पट्टा छान दिसतो. दुसरी गोष्ट सुरक्षेची. १९६० च्या आधीच्या अनेक विदेशी घड्याळांत अंधारात चमकावं म्हणून काट्यांना आणि आकड्यांना रेडियम लावलेलं असे. चमक गेली तरी रेडियम तिथेच असतं, कारण ते निम्मं व्हायलाच सुमारे सोळाशे वर्षं लागतात. असं घड्याळ घरी उघडू नका, डायल खरवडू तर नकाच. त्याची पूड श्वासातून पोटात जाणं धोक्याचं आहे.

"रंगवलं तर काय बिघडलं, माझंच घड्याळ आहे," असं कोणी म्हणेल. बरोबर आहे. पाण्याने डायल पार कुजली असेल, वडिलांचं घड्याळ रोज हातात घालायचं असेल, तर रंगवा. त्यात पाप नाही. पण मूळ डायल टाकून देऊ नका. एक जुनी डायल मिळवून ती बसवा किंवा रंगवून घ्या, आणि वडिलांची आहे तशी डबीत ठेवा. रंग एकदा निघाला की तो परत आणता येत नाही. नातवाला कदाचित तोच डाग बघायचा असेल.

"आणि एवढी घड्याळं जमवणं हा परिग्रह नाही का?" हा प्रश्न माझ्या सासूबाईंनी पहिल्यांदा विचारला, आणि तो योग्यच होता. मी सातची मर्यादा घालून घेतली आहे. आठवं आलं तर आधीचं एक जातं, तेही ज्याला घालायचंय त्याच्याकडे. मर्यादा घातल्यापासून मी चोखंदळ झाले आहे. कपाटात पन्नास असती तर पन्नासांचं तेलपाणी माझ्याने झालं नसतं. सात असली की प्रत्येकाला आठवड्यातून एकदा चावी मिळते. सकाळच्या सामायिकाला, ती अठ्ठेचाळीस मिनिटं मोजायला, त्या दिवशीचं घड्याळ समोर असतं.

तेव्हा कपाटातलं घड्याळ बाहेर काढाल तेव्हा एवढं करा. कारागिराच्या हाती देण्याआधी डायलचा, काट्यांचा आणि मागच्या झाकणाचा फोटो काढा. "फक्त मशीनचं काम करा, डायलला हात लावू नका," असं पावतीवर लिहून घ्या. काढलेले जुने भाग मागून घ्या. घरी आल्यावर एका चिठ्ठीवर काय बदललं आणि कधी बदललं ते लिहून डबीत ठेवा. पुढे ते घड्याळ मुलांकडे गेलं किंवा विकलं गेलं, तर चिठ्ठीही त्याच्यासोबत जाऊ द्या.