हवा फितूर होत नाही

न्यायालयात साक्षीदार फितूर होतात, कचेरीतील कागद गहाळ होतात. हवा मात्र तिच्यात जे मिसळले त्याची साक्ष देतेच. सीएफसी-११ या वायूच्या प्रकरणाने हे जगाला दाखवून दिले.

ओझोनच्या थराला घातक अशा वायूंना आवर घालणारा मॉन्ट्रियल करार १९८७ साली झाला. शीतकपाटे आणि फोम यांच्या निर्मितीत लागणाऱ्या सीएफसी वायूंचे उत्पादन २०१० पासून जगभर थांबावयाचे होते. कागदोपत्री ते थांबलेही. परंतु २०१२ नंतर हवेतील सीएफसी-११ घटण्याचा वेग निम्म्यावर आला आहे, असे अमेरिकी शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये जाहीर केले. याचा अर्थ, कोठेतरी चोरून उत्पादन चालू होते.

चोर सापडला तोही हवेमुळेच. हवेच्या एक लाख कोटी रेणूंमध्ये या वायूचे रेणू तेव्हा होते सुमारे २३०! तरीही दक्षिण कोरियातील गोसान व जपानमधील हातेरुमा येथील उपकरणांनी त्यांतील चढउतार टिपले. औद्योगिक शहरांवरून वारा आला की आकडा वर उसळे. वाऱ्याचा माग उलटा काढत शास्त्रज्ञ २०१९ मध्ये पूर्व चीनमधील शानडाँग व हपै प्रांतांपर्यंत पोहोचले. पुढे कारवाई झाली आणि उत्सर्जन घटल्याचेही याच उपकरणांनी नोंदविले.

चीनकडे बोट दाखवून समाधान मानणे सोपे आहे. प्रश्न आपलाही आहे. दम्याच्या औषधी फवाऱ्यांचा अपवाद वगळता भारताने सीएफसीचे उत्पादन १ ऑगस्ट २००८ रोजीच, म्हणजे मुदतीपूर्वी थांबविले. ही अभिमानाची गोष्ट होय. पण तिची साक्ष कोण देणार? २०१६ च्या पावसाळ्यात उत्तर भारतावरील हवेत असे वायू किती आहेत, हे मोजले ते ब्रिटिश संशोधन विमानाने. गोव्यात काबो द रामा येथे १९९३ पासून हवेचे नमुने गोळा होऊ लागले, तेव्हा ते तपासणीसाठी ऑस्ट्रेलियाला जात. पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेने सिंहगडावर कार्बन डायऑक्साइड व मिथेन यांचे मापन हाती घेतले, हे स्वागतार्ह पाऊल आहे. तथापि मुंबई, पुणे, सुरत यांसारख्या औद्योगिक शहरांच्या परिसरात शीतक वायूंचे अखंड मापन आपल्याच उपकरणांनी व्हावयास हवे.

आपल्या घरात काय शिजते हे शेजाऱ्याने वासावरून सांगावे, यात भूषण ते कोणते? आकडे अनुकूल आले तर आपला शब्द जगात वजनदार ठरेल. प्रतिकूल आले तर आपला दोष आपल्यालाच प्रथम कळेल. दोन्हीही राष्ट्राच्या हिताचेच आहे. सत्य ऐकण्याची तयारी असलेल्या समाजालाच इतरांकडून सत्याची अपेक्षा करण्याचा अधिकार असतो.