दोन निऑन टेट्रा मागणाऱ्या गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण विक्रीनंतरच्या सेवेबद्दल बोललो. त्यात मी फिश टँकच्या दुकानाचं उदाहरण दिलं होतं. त्यावर एका दुकानदार बंधूंचा मेसेज आला, "सर, गिऱ्हाईक दोन मासे मागतंय, तर त्याला काय हाकलून देऊ?"

माझं उत्तर सरळ आहे. हाकलू नका, पण दोन निऑन टेट्रा विकूही नका. का, ते आज सविस्तर सांगतो. तुमचं दुकान नसेल, फक्त घरी टँक असेल, तरी वाचा.

मी गिऱ्हाईक होतो तेव्हा

माझी मुलगी दुसरीत होती. वाढदिवसाला तिला मासे हवे होते. दुकानात निळी चमकती पट्टी आणि लाल शेपटीकडचा भाग असलेले ते इवलेसे मासे बघून ती तिथेच अडून बसली. दुकानदाराने अर्ध्या तासात सगळं बांधून दिलं: काचेचा गोल बाउल, रंगीत खडे, प्लॅस्टिकचं झाड आणि तीन निऑन. माणूस बोलायला गोड होता. फक्त एकही प्रश्न त्याने विचारला नाही.

पाचव्या दिवशी तिसरा मासाही गेला. दुकानात जाऊन सांगितलं, तर उत्तर आलं, "साहेब, पाणी सूट झालं नसेल. दुसरे घेऊन जा." मी घेतले नाहीत. बाउल माळ्यावर गेला. मुलीने विचारलं, "बाबा, आपण त्यांना काय केलं?" तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढे वाचून, शिकून कळलं की आपण त्यांना आधी एकटं पाडलं आणि मग त्यांच्याच घाणीत ठेवलं. आणि हे आपल्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

टेट्रा 'पीस'वर मोजायचा मासा नाही

निऑन टेट्रा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. मोठा झाला तरी तीन-साडेतीन सेंटीमीटर. एवढ्याशा माशाचं संरक्षण म्हणजे त्याचा थवा. खूप मासे एकत्र वळले की शिकारी माशाला नेमका कुठला पकडायचा ते कळत नाही. म्हणून दोन-तीन निऑन वेगळे ठेवले की ते सतत घाबरलेले राहतात. कोपऱ्यात लपतात, रंग फिका पडतो, खाणं कमी होतं, आजार लवकर गाठतो.

किमान सहा हवेत, दहा-बारा असतील तर उत्तम. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टँकमध्ये साधारण पन्नास लिटर पाणी बसतं. तेवढ्यात दहा-बारा निऑन आनंदाने राहतात. त्यांच्यासोबत मोठा एंजल नको, तो त्यांना गिळतो. गोल्डफिशही नको, त्याला थंड पाणी मानवतं आणि तो घाणही खूप करतो.

नवा टँक म्हणजे तयार टँक नव्हे

माझ्या बाउलमध्ये खरी चूक इथे झाली होती. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. फिल्टरच्या स्पंजवर वाढणारे चांगले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात, तेही विषारीच. मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, जे बरंच कमी घातक असतं आणि पाणी बदललं की निघून जातं. हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. नव्या बाउलमध्ये ते नसतातच. पाणी दिसतं स्वच्छ, पण मासा आतून भाजत असतो.

दुकानदार मित्रांनो, इथे तुमच्या हातात एक फुकटची गोष्ट आहे. तुमच्या जुन्या, निरोगी टँकमधल्या स्पंजचा एक तुकडा गिऱ्हाइकाला ओल्या पिशवीत द्या. नव्या फिल्टरमध्ये तो ठेवला की जिवाणूंचं विरजण लागतं. तुमचा खर्च जवळपास शून्य, त्याचा फायदा मोठा.

"तो शेजारच्या दुकानातून घेईल"

हा आक्षेप खोटा नाही. काही जण जातीलच. महिनाअखेरीला भाडं द्यायचं असतं तेव्हा समोरचं गिऱ्हाईक सोडणं जड जातं, हे मला कळतं.

पण हिशोब मांडा. समजा एक निऑन 40 रुपयांचा. दोन विकले, 80 रुपये आले. आठवड्यात मासे मेले आणि गिऱ्हाईक कायमचं गेलं. उलट, टँक, फिल्टर, लाइट आज द्या आणि सांगा, "मासे महिन्याने न्या. तेव्हा पाणी घेऊन या, मी तपासून देतो." महिन्याने तो दहा मासे नेईल. मग खाणं, झाडं, स्पंज यासाठी वर्षानुवर्षं येत राहील. या धंद्यात पैसा माशात नाही, मासा जिवंत राहण्यात आहे.

आणि ज्याला खरंच एकच मासा हवा आहे, त्याला फायटर दाखवा. तो एकटा राहणाराच मासा आहे. पण त्यालाही बाउल नको, पंधरा-वीस लिटरचा टँक आणि छोटा फिल्टर द्या.

बिलासोबत द्यायचा कागद

हे मराठीत छापून घ्या:

1. टेट्रा किमान सहा. टँकला झाकण हवं.
2. नळाच्या पाण्यात अँटिक्लोरीन टाकल्याशिवाय ते टँकमध्ये ओतू नका.
3. पाणी 22 ते 26 अंश. उन्हाळ्यात टँक खिडकीपासून लांब.
4. मासे आणल्यावर पिशवी पंधरा-वीस मिनिटं टँकमध्ये तरंगत ठेवा. मग अर्धा तास थोडं थोडं टँकचं पाणी पिशवीत घाला. शेवटी जाळीने फक्त मासे सोडा.
5. खाणं चुरून, दोन मिनिटांत संपेल एवढंच.
6. आठवड्याला पाव भाग पाणी बदला. पूर्ण टँक कधीच धुऊ नका. स्पंज नळाखाली नको, काढलेल्या टँकच्या पाण्यात पिळा.
7. सकाळी लाइट लावल्यावर मासे फिके दिसले तर घाबरू नका. रात्री निऑनचा रंग उतरतो, थोड्या वेळाने परत येतो.

एक गोष्ट तोंडी विचारा: घरी पाणी कुठलं? निऑनला मऊ, किंचित आम्ल पाणी मानवतं. बोअरचं क्षारयुक्त पाणी असेल तर निऑनऐवजी विडो टेट्रासारखा चिवट मासा सुचवा. थवा त्यालाही लागतोच.

आज माझ्या घरी बारा निऑन आहेत. मुलगी कॉलेजात गेली तरी पाणी अजून तीच बदलते. हे सगळं सामान मी दुसऱ्या एका दुकानातून घेतलं. पहिल्या दिवशी त्या दुकानदाराने मला मासे द्यायला नकार दिला होता. आज ओळखीत कुणी टँक घ्यायचा म्हटलं, की मी त्याचाच पत्ता देतो.

उद्या दुकान उघडल्यावर पहिलं काम एवढंच करा: निऑनच्या टँकवर पाटी लावा, 'सहापेक्षा कमी मिळणार नाहीत.' कुणी कारण विचारलं, तर ते समजावून सांगण्यापासून तुमची सेवा सुरू होते.

भेटू पुढच्या व्हिडिओत.