थंड सागरसफर : आधी आजार सांगा, मग स्वेटर भरा

निवृत्तीनंतर मित्रमंडळींनी मिळून अलास्काची जहाज-सफर करण्याची हौस हल्ली वाढली आहे. मे ते सप्टेंबर हा तिथला हंगाम. सल्ल्यासाठी येणारे मला आधी विचारतात, स्वेटर किती घ्यावेत? माझे मत असे, की आधी एकमेकांना आपापले आजार सांगावेत. थंड वाऱ्यात रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हृदयावरचा ताण वाढतो. डेकवर हिमनदी पाहताना छातीत दुखू लागले, तर गोळी कुठल्या खिशात आहे हे शेजारच्या मित्राला ठाऊक हवे.

मोठी बॅग बहुधा बंदरावरच जमा होते व केबिनमध्ये काही तासांनी पोहोचते. म्हणून औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीतच ठेवावीत. विमानप्रवासातही इन्सुलिन जवळच असावे. एकदा गोठलेले इन्सुलिन वापरू नये. कपड्यांचे म्हणाल, तर एका जाड कोटापेक्षा दोन-तीन पातळ थर व वर पावसाळी जाकीट बरे. जूनो शहरात उन्हाळ्यातही पाऊस असतोच.

जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याचे बिल डॉलरमध्ये येते. विमा काढताना जुने आजार लपवू नयेत. मित्रांपासून तर मुळीच नाही.