गोड तुळस आणि ब्राह्मी: शेजार जमेल का?

रोपवाटिकेत 'औषधी वनस्पती' अशी पाटी लावलेल्या फळीवर हल्ली दोन रोपे बहुतेक वेळा शेजारी-शेजारी दिसतात. एक गोड तुळस, म्हणजे स्टीव्हिया. दुसरी ब्राह्मी. घरात कुणाला मधुमेह असेल तर पहिली आणि कुणाची दहावी-बारावी असेल तर दुसरी, असा हिशेब असतो. पुष्कळ घरांत दोन्ही चिंता एकदमच असल्याने दोन्ही रोपे एकाच पिशवीतून घरी येतात. गॅलरीच्या कठड्यावर ती जवळजवळ ठेवली जातात, सकाळी एकाच तांब्यातून दोघींना सारखे पाणी मिळते आणि महिन्याभरात दोघींपैकी एक जाते. हात सैल असेल तर स्टीव्हिया आणि आखडता असेल तर ब्राह्मी!

दोघींचे माहेरच वेगळे. स्टीव्हियाचा तुळशीशी काही संबंध नाही. ती झेंडू-शेवंतीच्या कुळातली. मूळची पॅराग्वे आणि ब्राझीलच्या सीमेवरच्या डोंगराळ मुलखातली. तिथले ग्वारानी लोक आपल्या कडवट 'माते' पेयात हिची पाने घालीत आले. मोइझेस बर्तोनी या मूळच्या स्विस, पण पॅराग्वेत स्थायिक झालेल्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९९ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. आपल्याकडे काही विक्रेते तिला 'मधुपर्णी' म्हणतात, पण ते गुळवेलीचेही जुने संस्कृत नाव आहे. तेव्हा नावावर जाऊ नये, रोपवाल्याला विचारून एक पान चावून पाहावे. स्टीव्हिया असेल तर जीभ लगेच सांगते.

तिला हलकी, वाळूमिश्र माती लागते. ओल हवी, पण मुळांशी तुंबलेले पाणी अजिबात नको. दहा-बारा इंची कुंडी घ्यावी, तळाच्या भोकावर खापरीचे तुकडे ठेवावेत आणि माती, वाळू, गांडूळखत सारख्या प्रमाणात भरावे. बोट खुपसून पाहावे. वरची इंचभर माती कोरडी लागली तरच पाणी द्यावे. मुळे कुजू लागली की पाने मलूल होतात, आणि नेमके तेव्हाच 'उन्हाने सुकली बिचारी' म्हणून आणखी एक तांब्या ओतला जातो. बहुतेक रोपे अशी दयेपोटीच मरतात.

दुसरी अडचण फुलांची. दिवस साधारण तेरा तासांहून लहान झाला की स्टीव्हियाला बारीक पांढरी फुले येऊ लागतात, आणि फुलल्यावर पानांची गोडी उतरते. मुंबईत वर्षातला सर्वांत मोठा दिवससुद्धा सव्वातेरा तासांच्या आसपासच असतो. त्यामुळे आपल्याकडे हे रोप उन्हाळ्याचे काही आठवडे सोडले तर सदा फुलायच्याच बेतात. उपाय एकच: शेंडे खुडत राहायचे आणि कळी दिसताच चार बोटे खोड ठेवून फांद्या छाटायच्या. पाने सावलीत वाळवून घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून ठेवावीत. बी पेरण्याच्या भानगडीत पडू नये, ते फार कमी उगवते. फुलावर न आलेल्या फांदीचे तीन-चार इंचांचे तुकडे लावावेत.

ब्राह्मीचे सगळे याच्या उलट. ती आपल्याच देशातल्या ओढ्याकाठची, तळ्याच्या कडेची, भातखाचराच्या बांधावरची. लहान, जाडसर, रसरशीत पाने. जमिनीलगत पसरणारा वेल. फिकट निळसर पांढरी, पाच पाकळ्यांची इवली फुले. पाण्याखाली पूर्ण बुडाली तरी जगते, म्हणून शोभेच्या माशांच्या टाकीतही ती लावतात. हिला नीरब्राह्मी किंवा जलब्राह्मी म्हणतात, आणि ते नाव लक्षात ठेवणे बरे; कारण मंडूकपर्णीलाही अनेक ठिकाणी ब्राह्मीच म्हणतात. मंडूकपर्णीचे पान गोलसर, मूत्रपिंडाच्या आकाराचे आणि लांब देठाचे असते. केरळात ब्राह्मी म्हटले की नीरब्राह्मी, तर उत्तरेत त्याच नावाने मंडूकपर्णी हातात पडू शकते. दोन्ही औषधी आहेत, पण एक नव्हेत.

नीरब्राह्मीला खोल कुंडीची गरज नाही. पसरट टब किंवा जुनी घमेली चालतात, तळाला भोक नसले तरी हरकत नाही. बागेच्या मातीत थोडे कुजलेले शेणखत मिसळावे, वेलाचे पेर असलेले तुकडे त्यात दाबावेत आणि चिखल सदैव ओला ठेवावा. प्रत्येक पेराला मुळे फुटतात. सकाळचे तीन-चार तास ऊन मिळाले तरी तिचे भागते. मात्र चिखलावर पाणी साठू देऊ नये. साठलेले स्वच्छ पाणी म्हणजे डेंग्यूच्या डासाला आयते घर. एखाद्या आठवड्यात अंड्याचा डास होतो. पाण्यातच वाढवायची हौस असेल तर टबात गप्पी मासे सोडावेत.

एक धोका फारसा कुणी सांगत नाही. ब्राह्मी ज्या पाण्यात वाढते त्यातले कॅडमियम, शिसे, पारा यांसारखे जड धातू शोषून आपल्या अंगात साठवते. दूषित पाणी स्वच्छ करण्यासाठी तिचा उपयोग होईल का, यावर आपल्याकडे संशोधनही झाले आहे. तेव्हा नाल्याच्या किंवा कारखान्याच्या सांडपाण्याच्या कडेला फुकट वाढलेली ब्राह्मी 'अगदी ताजी' म्हणून मुलांना खाऊ घालू नये. घरच्या टबाचा खरा फायदा हाच, की तिने कोणते पाणी प्यायले ते ठाऊक असते.

आता ज्यासाठी ही रोपे आणली त्याविषयी. स्टीव्हियाचे वाळलेले पान साखरेच्या १० ते १५ पट गोड मानले जाते, तर त्यातून काढलेली शुद्ध द्रव्ये २०० ते ३०० पट. या गोडीने रक्तातली साखर वाढत नाही, हे खरे. चहात अर्धे पान उकळले तरी पुरते. मागाहून ज्येष्ठमधासारखी किंचित कडवट चव रेंगाळते, ती काहींना आवडत नाही. पण तिचा पाक होत नाही, तिने लाडू वळत नाहीत. शिऱ्यात साखरेऐवजी ती घातली तरी रवा आणि तूप जिथल्या तिथेच राहतात! शिवाय भारतात २०१५ मध्ये परवानगी मिळाली ती शुद्ध अर्काला. अमेरिकेतही अर्काला हरकत नाही, अख्ख्या पानाला मात्र गोडीसाठी मान्यता नाही. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा बिनसाखरेच्या गोडव्यांवर विसंबू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सुचवले. आधीपासून मधुमेह असलेल्यांना ती सूचना लागू नाही. कुंडी आली म्हणून गोळी बंद, असे मात्र कुणीही करू नये.

ब्राह्मीच्या बाबतीत घाईच नडते. स्मरणशक्तीवर तिचा थोडा चांगला परिणाम काही चाचण्यांत दिसला, पण त्यांत प्रमाणित अर्क रोज, साधारण १२ आठवडे दिला होता. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मुलाच्या तोंडात चार पाने कोंबून हाती काय लागणार? कडू चव, आणि एखाद्याला मळमळ किंवा जुलाब. ऐन पेपराच्या दिवशी तेवढे नको. बंगालात ब्राह्मीची कोवळी पाने तुपात परतून गरम भाताबरोबर खातात; तशी अधूनमधून भाजी म्हणून खावी, हे शहाणपणाचे. गरोदर स्त्रियांनी आणि ज्यांना रोजची औषधे चालू आहेत त्यांनी दोन्ही वनस्पतींबाबत आधी डॉक्टरांना विचारावे.

एकच आणायची असेल तर? पावसाच्या माऱ्यातली कोकण-मुंबईकडची गॅलरी असेल तर बेलाशक ब्राह्मी. पुणे-सोलापूरकडच्या, किंवा इंदूर-हैदराबादच्या उजेडाच्या गच्चीवर स्टीव्हिया सुखाने राहील, मात्र एप्रिल-मेच्या दुपारी थोडी सावली करावी. दिल्लीकडच्या कडाक्याच्या थंडीत तिचा वरचा भाग वाळतो. मुळे जिवंत असली तर वसंतात पुन्हा फुटते. दोन-चार दिवस गावाला जाणाऱ्या कुटुंबाने भर उन्हाळ्यात ब्राह्मीचा टब शेजाऱ्यांकडे सोपवावा, कारण चिखल तडकला की पसारा बघता बघता करपतो.

दोन्ही हव्यातच, तर त्यांना शेजारी न ठेवता वर-खाली ठेवावे. लोखंडी स्टँडच्या वरच्या फळीवर स्टीव्हिया, तिच्या भोकाखाली ब्राह्मीचा टब. वरून निथळलेले पाणी खाली उपयोगी पडते. मृग लागण्याआधी स्टीव्हियाची कुंडी पागोळ्यांपासून दूर, छपराखाली सरकवावी आणि तिच्या दोन-तीन फांद्या दुसऱ्या लहान कुंडीत लावून ठेवाव्यात. पावसाळ्यात मोठे रोप गेलेच, तर गणपतीपर्यंत नवे हाताशी असते.