नंबर कशाला हवाय?

दुकानात साधं पेन घेतलं तरी बिलिंग काउंटरवर पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'मोबाइल नंबर?' मागे रांग असते, घाई असते. आपण दहा आकडे घडाघडा म्हणून मोकळे होतो. रांगेतले चार जण ते ऐकतात, ते वेगळंच!

खरं तर तो द्यायलाच हवा असं काही नाही. नंबरासाठी ग्राहकांवर सक्ती करू नका, अशी सूचना केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच किरकोळ विक्रेत्यांना केली आहे. त्यामुळे पुढच्या वेळी बिनधास्त म्हणा, 'नंबर नको, बिल द्या.'

पण दुकानदारांना नावं ठेवण्याआधी आपल्या कॉलेज फेस्टकडे बघू या का? मी स्पॉन्सरशिप टीममध्ये होते तेव्हाची गोष्ट. रजिस्ट्रेशनच्या गूगल फॉर्ममध्ये आम्ही नाव, नंबर, ईमेल, जन्मतारीख, अगदी पत्तासुद्धा विचारला. का? मागच्या वर्षीच्या फॉर्ममध्ये होता म्हणून! ती शीट व्हॉलंटियर्सच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरली आणि शेवटी स्पॉन्सर असलेल्या एका क्लासकडे गेली. पंधरा दिवसांनी फर्स्ट इयरच्या एका मुलीने विचारलं, 'ताई, मी फक्त रांगोळीसाठी नाव दिलं होतं. मला रोज अॅडमिशनचे फोन का येतात?' माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिचा नंबर आम्ही स्टॉलच्या पैशांसोबत देऊन टाकला होता.

तुम्ही म्हणाल, एक नंबर गेला तर काय बिघडतं? बँक, यूपीआय, आधार, सगळं त्याच नंबराला जोडलेलं असतं. त्यात समोरच्याला तुमचं नाव, कॉलेज आणि वर्गही माहीत असेल, तर 'तुमचा स्कॉलरशिपचा फॉर्म अडकलाय, ओटीपी सांगा' हा फोन खराच वाटतो. फसवणूक करणाऱ्याचं अर्धं काम आपल्या शीटने केलेलं असतं.

'पण मार्केटिंगला डेटा लागतोच ना?' हा प्रश्न आमच्या टीममध्येही आला होता. लागतो, मान्य. पण ज्यांना तुमच्याशी बोलायचंच नाही अशा हजार जणांची यादी काय कामाची? ते फोन कट करतात, नंबर ब्लॉक करतात आणि वर ब्रँडला शिव्या घालतात. स्वतःहून 'हो, मला कळवा' म्हणणारे पन्नास जण स्पॉन्सरच्या जास्त उपयोगाचे. शिवाय जी माहिती गोळाच केली नाही, ती चोरीला जाऊ शकत नाही. सुरक्षेचा याहून स्वस्त उपाय मला तरी माहीत नाही.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही हेच सांगतो: संमती स्पष्ट हवी, माहिती कामापुरतीच घ्यावी, काम झालं की पुसावी. माहिती सुरक्षित ठेवण्यात हलगर्जी झाली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. उद्या तुम्ही कंपनीत नोकरी करा नाहीतर स्वतःचा स्टार्टअप काढा, ही सवय लागणारच आहे. मग सुरुवात फेस्टपासून का नको?

यंदा कमिटीत असाल तर एवढंच करा. फॉर्ममधल्या प्रत्येक रकान्यापुढे 'हे कशाला हवंय?' असं विचारा. उत्तर नसेल तर रकाना काढा. स्पॉन्सरला माहिती द्यायची असेल तर वेगळा चौकोन ठेवा, आणि त्यावर आधीच टिक करून ठेवू नका. शीट दोघातिघांनाच उघडता येईल असं बघा. फेस्ट संपला की ती डिलीट करा. आणि कुणाची फसवणूक झालीच तर लाजत न बसता लगेच १९३० वर फोन करायला सांगा.

त्या मुलीला मी सॉरी म्हटलं, पण फोन काही थांबले नाहीत. एकदा बाहेर गेलेली यादी परत मागवता येत नाही. म्हणून फॉर्म बनवतानाच थांबा.