विवेक की मर्जी?

कायदे, नियम आणि अधिसूचना वाचण्याचा प्रसंग ज्यांच्यावर वरचेवर येतो, त्यांना एक वाक्य ओळखीचे झालेले असते. दहा कलमांत दहा अटी घातल्यानंतर अकराव्या कलमात असे म्हटलेले असते की, योग्य कारण असल्यास सक्षम अधिकाऱ्याला या अटी आपल्या ‘डिस्क्रिशन’नुसार शिथिल करता येतील. सामान्य नागरिक पहिल्या दहा कलमांच्या दाराशी ताटकळत उभा राहतो. ज्याला वाट ठाऊक असते तो अकराव्या कलमाच्या खिडकीतून आत शिरतो. ज्या एका शब्दावर एवढे अवलंबून आहे, त्याचा मूळ अर्थ काय आणि तो आज कोठे येऊन पोहोचला आहे, याचा विचार करणे केवळ भाषापंडितांचे काम आहे असे आम्हाला वाटत नाही.

चांगल्या निर्णयशक्तीसाठी इंग्रजीत शब्दांची वाण नाही. ‘प्रुडन्स’ हा शब्द पुढचे आधी पाहणे या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला. म्हणजे आपली दूरदृष्टीच ती. ‘डिस्क्रिशन’चे कूळ मात्र वेगळे आहे. फ्रेंचमार्गे चौदाव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत रुळलेल्या या शब्दाच्या मुळाशी ‘चेर्नेरे’ अथवा ‘केर्नेरे’ हे लॅटिन क्रियापद आहे. त्याचा अर्थ चाळणे, निवडून वेगळे करणे. याच घराण्यातला चाळणीचा लॅटिन शब्द पोर्तुगीजमध्ये ‘क्रिव्हु’ होऊन उतरला. पोर्तुगीज शाळेत शिकलेल्या आमच्या ज्येष्ठ वाचकांना तो आठवेल. ग्रीक भाषेतील त्याच्या भावंडांपासून ‘क्रिटिक’ म्हणजे समीक्षक, ‘क्रायटेरिअन’ म्हणजे निकष आणि ‘क्रायसिस’ म्हणजे निर्णयाचा कठीण क्षण हे शब्द जन्मले. सगळ्यांच्या पाठीशी हालते आहे ती एक चाळण.

आणि येथेच एक विलक्षण योगायोग दिसतो. आपला ‘विवेक’ हा शब्द ‘विच्’ या संस्कृत धातूपासून झाला. धातुपाठ त्याचा अर्थ ‘पृथक् करणे’ असा देतो, आणि प्राचीन भाषेत तो धान्य पाखडण्यासाठीही योजलेला आढळतो. दोन धातू वेगळे, दोन देश वेगळे. परंतु चांगला निर्णय कशाला म्हणावा असा प्रश्न पडताच रोमन मनुष्याला चाळण आठवली आणि आपल्या पूर्वजांना सूप आठवले. हंसाच्या नीरक्षीरविवेकाची कल्पना त्याच जातीची. कबीराने साधूला सुपाची उपमा दिली, तीही सार ठेवून फोल उडवून देण्याच्या गुणासाठीच. मराठीने ‘तारतम्य’ हा आणखी एक सुरेख शब्द जवळ केला. ‘तर’ आणि ‘तम’ हे संस्कृतातील तुलनेचे प्रत्यय. कोणते अधिक आणि कोणते सर्वाधिक हे ज्याला कळते, त्याला तारतम्य आहे. या सर्व शब्दांत निर्णय घेणाऱ्याच्या इच्छेचा मागमूस नाही. लक्ष आहे ते समोरच्या धान्यावर.

मग ‘डिस्क्रिशन’चा अर्थ ढळला कोठे? निवडण्याची कुवत ज्याच्या अंगी आहे त्याला निवडण्याचा अधिकार द्यावा, हे स्वाभाविकच होते. परंतु पुढे कुवतीचा विसर पडला आणि अधिकार तेवढा उरला. जुन्या लष्करी इंग्रजीत पराभूत सैन्य शत्रूला ‘ॲट डिस्क्रिशन’ शरण जाई; म्हणजे कोणतीही अट न घालता, जेत्याच्या मर्जीवर. चाळणीपासून निघालेला शब्द तलवारीपाशी पोहोचला तो असा. दुसरीकडे ‘डिस्क्रीट’ मनुष्य म्हणजे जपून बोलणारा, तोंड मिटून राहणारा, असाही अर्थ रूढ झाला. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की ‘सीक्रेट’ हा शब्दही त्याच लॅटिन धातूचा वंशज आहे. निवडून बाजूला ठेवलेले, म्हणून गुप्त. विवेक, मर्जी आणि गुप्तता असे तिघे एकाच शब्दकुळात नांदू लागले, आणि आपल्या कचेऱ्यांतही ते पुष्कळदा एकाच मेजावर बसलेले आढळतात. आपल्या सरकारी मराठीचाही गोंधळ उडालेला आहे. ती कोठे ‘विवेकाधिकार’ म्हणते, तर कोठे ‘स्वेच्छाधिकार’. एकाच इंग्रजी शब्दाची ही दोन भाषांतरे परस्परांचे पर्याय नाहीत. ती परस्परांचे प्रतिस्पर्धी आहेत.

कायद्याच्या क्षेत्रात हा झगडा फार जुना आहे. इंग्लंडमध्ये १५९८ साली एका नदीच्या बांधाच्या दुरुस्तीवरून तंटा न्यायालयात गेला. बांधांची देखरेख करणाऱ्या आयुक्तांना खर्चाची आकारणी आपल्या ‘डिस्क्रिशन’ने करण्याचा अधिकार कायद्याने दिला होता. त्यांनी सगळा भार बांधालगतच्या एकाच जमीनमालकावर टाकला. वास्तविक बांध फुटता तर पाणी इतरांच्याही शेतांत शिरले असते. एडवर्ड कोक यांनी नोंदवून ठेवलेला त्या खटल्याचा निकाल आजही उद्‍धृत केला जातो. खरे आणि खोटे, न्याय्य आणि अन्याय्य यांतील भेद ओळखण्याचे शास्त्र म्हणजे ‘डिस्क्रिशन’. स्वतःच्या लहरीप्रमाणे अथवा लोभाप्रमाणे वागणे नव्हे, असा त्याचा आशय आहे. ज्यांना ज्यांना लाभ होतो, त्या सर्वांनी भार उचलावा, असे ठरले.

गोमंतकीय वाचकाला हा खटला परका वाटू नये. आपली खाजन शेती बांध आणि मानस यांच्या आधारावर उभी राहिली. खाऱ्या पाण्याला नावगाव कळत नाही. बांध एका ठिकाणी फुटला तरी कोरगुटाचे पीक सगळ्यांचेच जाते. म्हणूनच गांवकरीच्या व्यवस्थेने बांधाचा खर्च गावाच्या सामाईक उत्पन्नातून करण्याची रीत घातली. त्या व्यवस्थेत दोष नव्हते असे आम्ही म्हणणार नाही; तेथेही उच्चनीचता होती. परंतु बांधाचा निर्णय एकाच्या मर्जीवर सोडायचा नसतो, एवढे शहाणपण तिने जपले होते.

स्वतंत्र भारतातील न्यायालयांनीही तीच वाट धरली. स्वेच्छेचा अधिकार स्पष्ट मर्यादांनी बांधलेला असला पाहिजे, कायद्याच्या राज्याची ती पहिली खूण आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली जयसिंघानी खटल्यात बजावले. १९९६ साली एका केंद्रीय मंत्र्याने आपल्या स्वेच्छा कोट्यातून केलेली १५ पेट्रोल पंपांची वाटणी त्याच न्यायालयाने रद्द केली. आपल्या घरचे उदाहरण तर ताजे आहे. प्रादेशिक आराखड्यातील अनवधानाने राहिलेल्या चुका सुधारण्याच्या नावाखाली एकेका अर्जदाराच्या जमिनीचा विभाग बदलण्याची वाट नगरनियोजन कायद्याच्या कलम १७(२) ने मोकळी केली होती. त्यासाठी २०२३ साली केलेले नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्दबातल ठरविले. राज्यपालांच्या स्वविवेकाचा वाद आपण २०१७ मध्ये अनुभवला. ४० सदस्यांच्या विधानसभेत १७ जागा मिळविलेल्या काँग्रेसला डावलून १३ जागांच्या भाजपला सरकार बनविण्यास पाचारण करण्यात आले. पुढे १६ मार्च रोजी २२ विरुद्ध १६ मतांनी त्या सरकारने बहुमत सिद्ध केले, हे खरे. परंतु निमंत्रणाचा निकष कोणता, हा प्रश्न त्या मतदानाने सुटला नाही. निकष आधी ठरलेला नसला म्हणजे योग्य निर्णयही संशयाच्या छायेत उभा राहतो.

यावर प्रशासनातील मंडळी एक आक्षेप घेतील, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. प्रत्येक प्रसंग आधीच ओळखून नियम करणे कोणालाच साधत नाही. पूर आला असता, साथ उसळली असता, एखाद्या विधवेच्या अर्जाला एक कागद कमी पडला असता, जागेवरच्या अधिकाऱ्याला स्वतःचे डोके चालविण्याची मुभा असलीच पाहिजे. आम्ही तर पुढे जाऊन म्हणतो की, त्या मुभेचा उपयोग न करणे हाही अपराध आहे. ‘वरून आदेश नाही’ म्हणून फाइल वर ढकलणारा अधिकारी मर्जी चालविणाऱ्यापेक्षा कमी दोषी नव्हे. एकजण चाळणीत आपल्या माणसाचे खडेही राहू देतो. दुसरा चाळण हातीच घेत नाही. दोघांच्याही पायी उपाशी राहतो तो मात्र सामान्य माणूस.

तेव्हा प्रश्न अधिकार असावा की नसावा हा नाही. त्याला विवेक म्हणावे अशा रीतीने तो वापरला जातो की नाही, हा आहे. त्याची कसोटी अवघड नाही. निकष अर्ज येण्यापूर्वी ठरलेला होता काय? सारख्या दोन अर्जांना सारखा न्याय मिळाला काय? आणि निर्णयाची कारणे लिहून दिली काय? माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमाने २००५ पासून बाधित व्यक्तीला निर्णयाची कारणे कळविण्याचे बंधन प्रशासनावर घातलेलेच आहे. ते पाळले गेले तर अकराव्या कलमाची खिडकी बंद करण्याची गरज उरणार नाही. तिच्यावरचा पडदा तेवढा दूर होईल. सरकारने आपल्या सर्व खात्यांतील असे अधिकार एकत्र यादी करून प्रसिद्ध करावेत, आणि ते वापरून दिलेली प्रत्येक सवलत कारणांसह जाहीर करावी, अशी आमची मागणी आहे. नागरिकांनीही आपल्या कामापुरती मर्जी आणि दुसऱ्याच्या कामात नियम, ही दुटप्पी अपेक्षा सोडली पाहिजे.

घरातली चाळण धान्य कोणाच्या शेतातले आहे हे विचारत नाही, आणि तिची भोके दाणा पाहून लहानमोठी होत नाहीत. राज्यकर्त्यांच्या हाती जनतेने दिली आहे ती अशी चाळण. तिचा उपयोग पडद्यासारखा होऊ लागला, तर जाब विचारण्याचा विवेक जनतेलाच दाखवावा लागेल.